खटका पुढे होता

३ एप्रिल १९६०, रविवार
सकाळी मोटारसायकल धुतली. टाकीवरचा काळा रंग अंगठ्याएवढा उडालाय, आतून मिलिटरीचा जुना हिरवा दिसतो.
दहाला चाळ कमिटीची सभा. १ मेला महाराष्ट्र राज्य होणार. त्या दिवशी मिरवणूक, आणि छप्पन साली सत्याग्रहात आत गेलेल्या आपल्या चाळीतल्या आठ जणांचा सत्कार. शाल, श्रीफळ. सेक्रेटरी गुरव मास्तरांनी नावं वाचली. माझं पाचवं. सगळ्यात जोरात टाळ्या माझ्या जुन्या दोस्तानं, वसंतानं वाजवल्या. लाज वाटली, मान वर करवेना. गाडीची चेन सैल झालीय, बघायला हवी, असं सांगून निघालो. चेन परवाच घट्ट केली होती.

५ एप्रिल, मंगळवार
गोदीतून येताना माझगावच्या चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्येच ठेवली. सिंगल सिलिंडर, साडेतीनशे सीसी. दुसरी कुठली गाडी असती तर गचके देत बंद पडली असती. ही एकेक ठोका मोजून टाकत वर आली. ठोके मोजायची सवय अजून गेली नाही.
एकोणपन्नासमध्ये मिलिटरीनं मोडीत काढलेल्या मालातून, डिस्पोजलच्या ढिगातून काढली. विलायती खरी, पण चाकं नव्हती, कार्बुरेटरमध्ये वाळू. वसंता तेव्हा रोज पाळीवरून सुटला की खाली येऊन बसायचा. गिरणीतला साचेवाला माणूस, चार साच्यांवर, म्हणजे मागांवर, आठ तास उभं राहून आलेला, तरी बोल्ट धुवायला तयार. पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा अख्खी चाळ गॅलरीत. करी रोडच्या पुलाखालून गेलो, आवाज असा घुमला की मागे बसलेल्या वसंतानं माझी पाठ बडवून काढली. गाडी माझी होती तेवढीच त्याचीही. तेव्हा तरी.

९ एप्रिल, शनि.
हे एकदा लिहून टाकायचं आहे. कधीपासून टाळतोय.
या गाडीला किल्ली नाही. ठिणगी मॅग्नेटोतूनच येते, बॅटरी लागत नाही; कुणीही यावं, किक मारावी, घेऊन जावं. हँडलला डाव्या हाताशी एक छोटा खटका आहे. मागे घेतला की ठिणगी उशिरा पडते, मग किक सहज बसते. पुढे असला तर ठिणगी लवकर पडते आणि किक उलटी येते, पाय झोडपून काढते. मी गाडी लावताना खटका मुद्दाम पुढे करून ठेवायचो. माझं कुलूप.
कुणालाच सांगितलं नव्हतं. वसंतालाही नाही.
वर त्याचा खेळ केला. "जो सुरू करेल त्याला दादरपर्यंत फेरी." चाळीतले पैलवान यायचे, नडगी चोळत जायचे. मी पुढे व्हायचो, बोटानं खटका मागे, कुणाला दिसायचंही नाही, आणि एका किकेत सुरू. "पायात दम लागतो," असं म्हणायचो. काय तो माज. फिटरचा पगार आणि राजाचा तोरा.

१० एप्रिल, रविवार
हिला मागे घेऊन वडाळ्याला मिठागरांच्या रस्त्यावर. सरळ रस्ता, माणूस नाही. पदर डोक्याला घट्ट गुंडाळून ही मागून ओरडत होती, हळू, हळू. आणि हसतही होती. लग्नानंतर पहिल्या वर्षी दर रविवारी यायचो. गिरगावात हिच्या माहेरी गेलो की गल्लीत शिरायच्या आधीच सासूबाई चहा ठेवायच्या, आवाज ओळखून.
परतताना ही म्हणाली, "सत्काराला तो पांढरा सदरा घाला." मी गाडी जरा पळवली. "बोला की." वाऱ्यात ऐकू आलं नाही असं दाखवलं.

१४ एप्रिल, गुरु.
पलीकडच्या चाळीत जयंती. निळ्या झेंड्यांनी रस्ता भरलेला, गाडी ढकलतच न्यावी लागली. वसंता मागून आला आणि ढकलू लागला. उजवा पाय वाकडा जुळलाय, तरी हात लावल्याशिवाय राहवत नाही. नको रे म्हटलं तर, "मेल्या, पायान नाय ढकलत, हातान ढकलतंय."
घामाघूम झाला. मला बोलता आलं असतं, नाक्यापर्यंत दोघेच होतो. मी टायरमधल्या हवेबद्दल बोललो.

१७ एप्रिल, रविवार
छप्पनचा तो दिवस.
दुसऱ्या दिवशी सकाळी सत्याग्रहींची तुकडी निघणार होती. यादीत वसंताचं नाव पहिलं. महिनाभर घोकत होता, पकडलं की काय बोलायचं, घोषणा कुठली. पत्रकांचे गठ्ठे गिरगावात पोचवायचे होते. मास्तरांनी गाडी मागितली, मी म्हटलं, चहा घेऊन निघतो. वसंताला धीर कुठला. खाली जाऊन गाडीवर बसला आणि वर बघून ओरडला, "दामू, आज मीच सुरू करतंय!"
मी गॅलरीत. हातात कप. वरून खटका स्पष्ट दिसत होता. पुढे.
ओरडायला किती वेळ लागतो? "थांब" एवढंच. ओरडलो नाही. मजा बघायची होती. वसंतालाही एकदा लाथ बसू दे, फार आपली गाडी, आपली गाडी करतो, असं मनात आलं. हो, आलं.
त्यानं किक मारली. पाय घोट्याच्या वर मोडला. आवाज वरपर्यंत आला.
मी धावलो, उचललं, के. ई. एम.ला नेलं, सगळं केलं. आणि टॅक्सीत त्याला म्हणालो, "तू किक अर्ध्यावर सोडलीस." त्यानं मान हलवली. दुखत असताना.
तुकडीत एक कमी पडला. मास्तर म्हणाले, दामू, तू चल. गेलो. पंधरा दिवस आत. सुटलो तेव्हा नाक्यावर हार. वसंता प्लास्टरमध्ये गॅलरीत बसून टाळ्या वाजवत होता.

१८ एप्रिल, सोम.
काल पुढचं लिहवेना. त्याचे साचे सुटले. उभं राहवत नाही. आता खात्यात एका कोपऱ्यात बसून कापडावर शिक्के मारतो. चार वर्षं लोकांना गंमत म्हणून सांगतो, "दामूच्या गाडीनं मला लाथ मारली, माझ्याच पायात दम नव्हता." लोक हसतात. मीही हसलोय. एकदा नाही, पुष्कळदा.
मागच्या गणपतीत कुणीतरी बोललं, सत्याग्रहाला जायच्या आदल्या दिवशीच बरा पाय मोडला. वसंतानं ऐकलं. त्या दिवशी आरतीला आला नाही. मी आरती म्हटली.

२१ एप्रिल, गुरु.
वसंता घरी आला. डोळे चमकत होते. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे गाडी, हँडलला झेंडा, मास्तरांनी मान्य केलंय. मी म्हटलं बरं. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "दामू, माका एकदा शिकव ती किक. लोकांसमोर मीच सुरू करतंय. चार वर्षां झाली, एकदा होऊंदे."
ही आतून म्हणाली, "भाऊजी, पायाला जपा हो."
शिकवायची म्हणजे खटका दाखवावा लागणार. आणि वसंता खुळा नाही.

२४ एप्रिल, रविवार
मास्तरांकडे गेलो. माझं नाव सत्कारातून काढा, म्हटलं. का? म्हटलं, ती जागा वसंताची होती. मास्तरांनी चष्मा काढला, डोळे पुसले. "दामोदर, हा मोठेपणा आजकाल कुठे दिसतो?" आता भाषणातही सांगणार आहेत.
कारण सांगायला गेलो होतो. मोठेपणा घेऊन परत आलो. जिन्यात थुंकावंसं वाटलं, स्वतःवरच.

२६ एप्रिल, मंगळ.
दोन रस्ते सुचले. एक, मॅग्नेटो बिघडवायचा, गाडी बंद, शिकवणी रद्द. दुसरा, खटका गुपचूप मागे ठेवायचा आणि त्याच्याबद्दल बोलायचंच नाही. सुरू होईल, वसंता खूश, विषय संपला.
दुसऱ्या रस्त्याचा विचार बराच वेळ केला. गोदीत पाइपाच्या जोडाची एक फ्लँज चुकीची बसवली, फोरमननं ऐकवलं.

२९ एप्रिल, शुक्र.
हिला सांगितलं. सगळं, कपासकट. पोळी लाटत होती, लाटणं थांबलं. मग, "भाऊजींनी आपल्या बाळाच्या बारशाला पाळणा बांधला होता." एवढंच. जेवण वाढलं, पण समोर बसली नाही.

३० एप्रिल, शनि.
दुपारी हे लिहितोय. हात काळेच आहेत.
सकाळी वसंता आला, स्वच्छ सदरा, पायात कॅनव्हासचे बूट. गाडी स्टँडवर घेतली. पेट्रोलचा नळ उघडायला लावला. कार्बुरेटर थेंब येईपर्यंत दाबायला लावला. मग म्हटलं, हा खटका. आधी मागे घ्यायचा. पूर्ण. त्यानं घेतला. व्हॉल्व्ह उचलायची ही कळ, इंजिन बंद करायलाही हीच; ती दाबून पिस्टन जरासा पुढे न्यायचा, सोडायची, आणि आता मार. जोर नको.
वाकड्या पायानं मारली. पहिल्या किकेत सुरू.
पायात दम लागतच नाही. कधीच लागत नव्हता.
वसंता पोरासारखा ओरडला. गॅलरीतून लोक टाळ्या वाजवायला लागले. तो हसत होता, डोळ्यांत पाणी, अॅक्सिलरेटर देत होता, सोडत होता. मग हळूहळू हसणं थांबलं. बोट खटक्यावर गेलं. पुढे केला, मागे केला. इंजिनचा आवाज बदलताना ऐकत राहिला.
"दामू, त्या दिवशी ह्यो खंय होतो?"
"पुढे."
मान हलवली. टॅक्सीत हलवली होती तशीच. मला वाटलं, संपलं. मग वर गॅलरीकडे बघितलं, मी कप घेऊन उभा होतो त्या जागेकडे. काहीतरी विचारलं. इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही असं मी दाखवलं. त्यानं व्हॉल्व्हची कळ दाबून इंजिन बंद केलं, मीच शिकवलं होतं पाच मिनिटांपूर्वी. आणि पुन्हा विचारलं.
"तुका वरसून ह्यो दिसलो होतो?"
हो म्हणालो.
वरचे लोक अजून टाळ्या वाजवत होते. वसंता उतरला. माझ्या हातातलं फडकं घेतलं, बोटं एकेक करून पुसली, घडी घालून सीटवर ठेवलं. जिन्याकडे गेला. कठडा धरून चढला, रोज चढतो तसा, प्रत्येक पायरीला थांबून. मी खालीच उभा राहिलो.
उद्या आठला मिरवणूक. आत्ता मास्तर येऊन गेले, गाडी कोण सुरू करणार विचारत होते. वसंताला विचारा, म्हटलं.