किल्ली द्यायच्या आधीची आंघोळ

नाही अण्णा, आता तुम्ही बोलू नका. काय विचारणार ते माहितीय मला. "किल्ली द्यायच्या आधी तिथं आंघोळ केलीस का?" नाही केली. माझ्या एचएसआरच्या घरून सगळं शहर ओलांडून बसवनगुडीला टॉवेल घेऊन जायचं, तेही रिकाम्या घरात! लाज वाटली मला.

तुम्हाला कधी वाटली नाही. वरचं घर रिकामं झालं की रंग, नळ, पंखे सगळं करून घ्यायचात, आणि नवे भाडेकरू यायच्या सकाळी बादली घेऊन वर. गीझर लावून, दार लावून, अगदी डोक्यावरून आंघोळ. एकदा ते लोक दूध उतू घालायला भांडं घेऊन लवकरच आलेत, शेजारची अक्का जिन्यात हसतेय, "काय सर, घर त्यांना दिलंत की स्वतःच राहायला आलात?" तुम्ही ओल्या केसांनी बाहेर येता आणि त्या नव्या भाडेकरू बाईंना सांगता, "पाणी झकास तापतंय. पण वरची खिडकी बंद करायची नाही. गॅसचा गीझर आहे, विषारी धूर कोंडतो."

"थंडी वाजेल की हो."

"स्वल्प वाजू दे. थंडीनं कोण मरत नाही."

खिडकीच्या काचाच काढून टाकल्या होत्या तुम्ही. मी तेव्हा कॉलेजात, मान खाली घालून उभी. मला वाटायचं, भाडं देणाऱ्यांसमोर एवढं कशाला हसं करून घ्यायचं.

तुम्ही गेल्यापासून मी घर फोनवर चालवते. नळ गळला, फोटो येतो, मी प्लंबर पाठवते. किती सोपंय, असं मैत्रिणींना सांगतेसुद्धा. मागे वरच्या भाडेकरू मुलीनं त्या खिडकीचा फोटो पाठवला, डास येतात म्हणून. मी मीटिंगमध्ये होते. लिहिलं, "पत्रा मारून घ्या." तिनं अंगठा पाठवला. संपलं.

आज सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन. "अक्का, ही बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. आता बरी आहे, डोकं दुखतंय म्हणून झोपलीय. उपाशीपोटी गेली ना, त्यानं असेल." तक्रार नव्हती त्याची. सिंकचा पाइप गळतोय, हेही त्याच दमात सांगितलं.

तेव्हापासून फोन लावतेय. तो उचलत नाही, तिचा बंद. "गीझर लावू नका" असा मेसेज टाकलाय, बघितलेला नाही. खालच्या आपल्या घराला कुलूप, शेजारची अक्का मुलाकडे गेलेली. कोणाला सांगू, वर जाऊन दार वाजवा म्हणून? ऑटोवाला आरशातून बघत म्हणतो, "स्वल्प थांबा अक्का, सिग्नल आहे, मी काय उडू?" तोवर हे टाइप करतेय. तुमचा नंबर अजून आहे फोनमध्ये. पाठवणार नाही, आता तो दुसऱ्या कोणाचा तरी असेल.

एक राहिलं, अण्णा. फोन ठेवताना तो म्हणाला होता, "हिला तासभर झोपू देतो, मग आंघोळ उरकून डॉक्टरकडे नेतो." पत्रा मला तेव्हाच आठवला होता. नंतर नाही, तेव्हाच. पण तो कोणी मारायला सांगितला, हे बोलावं लागलं असतं. मी म्हटलं, "हो, हो, उरका."

आपला रस्ता आला. पत्रा इथूनच दिसतोय, आणि त्याच्या कडेनं वाफ येतेय.

उतरते मी.