न बोलण्याची सूचना

४ मार्च
संग्रहालयाचं पत्र आलं! माझी 'बैठक' कायमची ठेवून घेणार. अट एकच – माणसाच्या जागी पडदा. समोर कुणी बसलं की पडद्यावर यंत्रानं घडवलेला चेहरा उमटणार. संचालक फोनवर चाचरत होते, मला वाईट वाटेल म्हणून. मला कशाला वाटेल? एकतीस वर्षं घसा फोडून सांगतेय – कलाकृती म्हणजे मी टाइप केलेलं एक वाक्य. 'येईल त्याला समोर बसवा आणि तो उठेपर्यंत एक अक्षरही बोलू नका.' माणूस पाळो नाहीतर यंत्र. 'बैठक' चालते त्या खोलीत मी स्वतः एकदाही बसले नाही. पाककृती लिहिणाऱ्यानं घरोघरी जेवायला जायचं का?

६ मार्च
धाकटीला सांगितलं. इतकी वर्षं दर रविवारी तीच तिथं बसते. "बरं झालं, माझे गुडघे सुटले," म्हणाली आणि धुतलेली कपबशी पुन्हा धुवायला घेतली. रुसली आहे. रुसू दे.

९ मार्च
प्रोग्रॅमर मुलगी आली. वयानं लहान, पण बोलायला पक्की. "तुमचं वाक्य म्हणजे प्रोग्रॅमच आहे की! फक्त चालवायला यंत्र नव्हतं." अगदी माझ्या मनातलं बोलली! आम्ही सूचना लिहिणारे कलाकार कागदावर लिहून थांबायचो, हे लोक ते विजेवर चालवतात. घराणं एकच. समीक्षक उगाच मध्ये भिंत बांधतात.

१४ मार्च
चाचणी. लोक बसतात, पडद्याकडे बघतात, अर्ध्या मिनिटात उठतात. पूर्वी तासतास बसायचे, डोळे पुसत बाहेर यायचे. 'मौनाचं सामर्थ्य' म्हणून रकानेच्या रकाने छापून आले होते! यंत्रातच काहीतरी खोट आहे. मुलीला तोंडावर सांगितलं.

१५ मार्च
"यंत्र तुमचं वाक्य तंतोतंत पाळतंय," मुलगी म्हणाली. ठीक. मग धाकटी कशी बसते ते यंत्राला शिकवायला टिपून घेऊ. धाकटीला सांगितलं तर पांढरीफटक पडली. "नको गं ताई." का, ते काही सांगेना.

१७ मार्च
शेवटी बोलली. चहा गार झाला तरी रडणं थांबेना. पहिल्याच रविवारी एक बाई आली म्हणे, बसल्याबसल्या हुंदके द्यायला लागली. "ताई, मला गप्प बसवेना. विचारलं, काय झालं?" तेव्हापासून एकाही रविवारी ती गप्प बसलेली नाही. एकतीस वर्षं! निघताना प्रत्येकाला बजावायची – "बाहेर सांगा, आम्ही गप्प बसलो होतो. नाहीतर ताईला वाईट वाटेल." आणि झाडून सगळ्यांनी तसंच सांगितलं!

मी संतापले. "माझ्या कामाची माती केलीस," असंही म्हणाले. म्हणायला नको होतं.

१८ मार्च
संग्रहालयात दोघीच गेलो. पडदा बाजूला सरकवून तिला खुर्चीत बसवलं. म्हटलं, कर काय करायचीस ते. समोर बसले. तिनं नुसतं विचारलं, "रात्री झोपलीस का गं?"

दीड तास उठले नाही. काय बोलले ते इथे लिहिणार नाही.

२० मार्च
संचालकांना कळवलं – शेजारीशेजारी दोन खोल्या द्या, नाहीतर काहीच नको. फलकांचा मजकूरही सोबत पाठवला. पडद्याच्या खोलीवर: 'सूचना – थोरल्या बहिणीची. तंतोतंत पाळलेली.' दुसरीवर: 'कलाकृती – धाकट्या बहिणीची.'