ट्रॅक्टर मागून वळते

१२ जुलै, शनिवार

बुढ्यानं आज अख्खं वावर नांगरलं. टीव्हीतलं. पण नांगरलं.

होळीच्या आधी लकवा झाला, तवापासून उजवा हात खुंटीवरच्या सदऱ्यावाणी लोंबत होता. डॉक्टर झाले, तेल झालं, कोणाच्या तरी सांगण्यावरून कबुतराचं रगतही चोळून झालं. कबुतर गेलं, हात तसाच. मंग व्यायामवाली पोरगी यायले लागली, अफिफा. तिनं आचलचं खेळायचं मशीन पाहिलं, त्याचं स्टिअरिंग पाहिलं अन् म्हणे — दादी, बाबा पहले क्या चलाते थे?

म्हटलं, ट्रॅक्टर. अन् माह्यावर हुकूम.

आचल माही नात, माह्या पोराची, चंदनची पोट्टी. अकोल्याले कॉलेजात आहे. मशीन इथं अमरावतीलेच ठेवून गेली. उन्हाळ्यात आली तवा तिनं त्याच्यात ट्रॅक्टरचा खेळ टाकून देला. बुढ्याचा हात रुमालानं स्टिअरिंगले बांधायचा. त्यानं उलीसा जोर केला का टीव्हीतला ट्रॅक्टर वळते, लगेच. अफिफा म्हणते, हेच औषध आहे. हातानं काही केलं अन् तवाच समोर काही घडलं, का डोक्याले पटते का हात आपलाच आहे. नाही घडलं का डोकं हाताले सोडून देते.

मले समजलं. बिनकामाचा झाला का घरचेही तसंच करतात.

आता रुमाल लागत नाही. स्वतः धरते. तासाच्या, म्हणजे नांगरटीच्या ओळीच्या, शेवटाले आला का म्हणते — ‘व्व’. म्हणजे वळ. होळीपासून तोंडातून निघालेला एकच शब्द, अन् तोही मले नाही, ट्रॅक्टरले.

१५ जुलै

अफिफा अकोटले चालली, बहिणीच्या बाळंतपणाले. दीड-दोन महिने. म्हणे, दुसरा कोणताच व्यायाम नाही केला तरी चालते दादी, पण खेळ खंडू देऊ नका. हात आता रस्त्याले लागला आहे.

बुढ्यानं आज कंगवा धरला. डोक्यावर केस राहिले नाहीत ती गोष्ट वेगळी.

२० जुलै, रविवार

मशीन जळलं.

फ्रिजले कव्हर आहे, मिक्सरले कव्हर आहे, रिमोटले प्लास्टिक आहे. त्या डब्याले काहून नाही, म्हणून मी जुन्या चादरीचं शिवलं. झालरही लावली. आज बुढा नांगरून राहिला होता, डब्बा झालरीत. जळका वास आला. टीव्ही काळा. बुढ्याचा हात स्टिअरिंगवर तसाच, अर्धा वळलेला.

चंदन म्हणे, ‘आई, त्याले हवा लागते.’

म्हटलं, मले काय सपन पडलं होतं? फ्रिजले नाही लागत, याले काहून लागते?

आतलं कार्ड का काय ते गेलं. नव्याचा भाव ऐकून चंदन पंख्याकडं पाहत बसला. कोणी मले बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मले भांडता आलं असतं.

२४ जुलै

बुढा रुसला. चहाचा कप हातात देला तर सोडून देला सरळ. गोधडी धुवा आता या पावसात. तोंड वाकडं करून बसते. म्हटलं, वाकडं करा नाही तर उलटं करा, मी काही मुद्दाम नाही जाळलं.

‘व्व’ म्हणत नाही. कायले म्हणीन? वळवाले आहे काय समोर.

२७ जुलै, रविवार

आचल आली अकोल्याहून. हातात बोटाएवढी काडी. टीव्हीच्या मागं खोचली अन् म्हणे, ‘आजी, आता मशीनच नाही लागत. खेळ दूर, मुंबईकडच्या मोठ्या मशीनवर चालते. आपल्याकडं नेटवरून फक्त चित्र येते.’

‘म्हणजे ट्रॅक्टर मुंबईले अन् वावर आपलं?’

‘वावरही तिकडंच, आजी.’

‘मंग आपलं काय?’

‘स्टिअरिंग.’

म्हटलं, वा रे वा. वावर दुसऱ्याचं, ट्रॅक्टर दुसऱ्याचा, अन् घाम तेवढा घरचा.

पण खोटं कायले लिहू, चित्र पहिल्यापेक्षा चांगलं. ढेकूळ न् ढेकूळ दिसते. चंदन तर खुर्ची ओढून बसला. म्हणे, हे आधीच आणलं असतं तर डब्याची कटकटच नसती. मलेही वाटलं, बरं झालं बाप्पा.

मंग बुढ्याले बसवलं. तास सरळ नेला. शेवटाले आला, खांदा टाकला, जोर केला. माहे डोळे टीव्हीवर. ट्रॅक्टर गेला सरळच. मंग वळला. तोवर धुऱ्यावर, शेजारच्याच्या बांधावर चढला होता.

पुन्हा तसंच. अजून तसंच.

बुढ्यानं टीव्हीकडं पाहणं सोडलं. हाताकडं पाहून राहिला.

आचलनं स्वतः दोन चकरा मारल्या. म्हणे, ‘मले तर काही वाटत नाही आजी. नेटवर उलीसा उशीर होतेच. पापणी लवते तेवढा. सवय होते.’

म्हटलं, तुह्या वयात नवऱ्याचीही सवय होते. ज्यानं जन्मभर धुरा मोडला नाही त्याले पापणीएवढं कळणार नाही तर कोणाले कळीन?

पोट्टीनं बॅग भरली. रात्रीच्या गाडीनं गेली, जेवलीही नाही धड.

३० जुलै

सकाळी धुऱ्यावर. दुपारी धुऱ्यावर. सांजच्याले स्टिअरिंग हातानं लोटून देलं. डाव्या हातानं.

२ ऑगस्ट

चांदूर बाजाराकडं माह्या बापाच्या घरी एक बैल होता. दिसाले देखणा, पण मागं राहणारा. दुसरा पाऊल टाके, हा विचार करे. असं झालं का जू तिरपं होते. चांगला बैल एकटा ओढते, ओढून ओढून थकते, मंग तोही पाय रोवते. त्याचा दोष नसते. त्याले वाटते, आपल्या ओढण्यानं काही होतच नाही. बाप म्हणे, मागं राहणारा लवकर विका, नाही तर जोडी विका लागते.

नेट तो बैल आहे. बुढा चांगला बैल होता.

शिकलेल्या लोकाईले हे समजत नाही. चंदन म्हणते, ‘आई, लाखो लोक असंच खेळून राहिले.’ खेळत असतील. त्याईले हारलं तर पुन्हा पहिल्यापासून खेळता येते. याचा हात पुन्हा पहिल्यापासून कोठून आणू?

६ ऑगस्ट

अफिफाले फोन लावला. मागं लेकरू रडून राहिलं होतं. सांगितलं सगळं — डब्बा जळला, आता नेटवरून खेळते, ट्रॅक्टर मागून वळते, हा स्टिअरिंग लोटून देते.

ती म्हणे, ‘अरे दादी, फिर तो बंद करो वो. हाथ अभी घुमाया और गाडी बाद में घुमी, तो उलटा नुकसान है. दिमाग समझेगा हाथ ही गया. अपनी मशीन लाओ.’

पहा. मी चौथी शिकलेली, तरी माहंच खरं निघालं. सांगू कोणाले? चंदन ऑफिसात, आचल अकोल्यात. बुढ्याले सांगितलं. बुढा भिंतीकडं पाहे.

१० ऑगस्ट

काडी काढून कपाटात ठेवली. आता काहीच नाही. ना घरचं, ना मुंबईचं.

१४ ऑगस्ट

भाकर कुस्करून देली, दोन घास गिळले, तिसऱ्याले ठसका. पाणी पाजलं. हात मांडीवर टाकून देते, जशी कोणी आपली पिशवी ठेवायले देली असावी.

मले मरणाचं भेव नाही. दोघंही पिकले, आज नाही तर उद्या. पण जुलैत हा माणूस कंगवा धरून राहिला होता. खाली पडलेल्या माणसाले उठवायचं, उभं करायचं, अन् उभा झाला का पाट ओढायचा — असं तर वैरीही करत नाही.

देवाले काही बोलत नाही मी. त्याचंही सगळं वरूनच चालते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आज खांदेमळण. उद्या पोळा. बैल विकले त्याले लय वर्षं झाले, पण दिवस तर येते. हळद अन् तूप एकत्र केलं, बुढ्याचा उजवा खांदा मळला. बैलाले म्हणतात तसंच म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

लकव्याच्या आधी असं म्हटलं असतं तर मले काठी फेकून मारली असती. नाही तर हसला असता. आज डोळ्यातून पाणी आलं. मी पुसलं नाही. तुपाचे हात होते.

२२ ऑगस्ट

पोळा. पुरणाची पोळी बारीक करून चारली. शेजारच्या पोट्ट्याईनं मातीचे बैल आणून दाखवले. बुढ्यानं डावा हात पुढं केला. उजवा काढलाच नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

महालक्ष्म्या बसल्या. आचल घरी. हार ओवता ओवता भांडण झालं.

मी म्हटलं, ‘डब्बा पाहिजे. घरचा. नेटबिट नाही.’

चंदन म्हणे, ‘आई, घेतलं तरी दोन-तीन वर्षांत जुनं होते ते. आता सगळी दुनिया तिकडंच चालली.’

‘बापही जुना झाला. त्यालेही पाठव मुंबईले. नेटवरून दिसीन तुले घरी बसल्या.’

‘तसं नाही म्हटलं मी.’

‘मंग कसं म्हटलं?’

तो उठून गेला. आचल हार तसाच टाकून बसली. म्हणे, ‘आजी, खरं सांगू? मीही आता काडीवरच खेळते हॉस्टेलले. सस्तं पडते, जड डब्बा नेणं नाही, बिघडणं नाही. मले चांगलं वाटते ते. मले वाटलं बाबाजीलेही चांगलं वाटीन.’

म्हटलं, तुले वाटते त्यात चूक नाही. तुह्या हाताले कोणी सांगायची गरज नाही का तो तुहा आहे.

तवा पोट्टी रडली. मी रडू देलं.

मंग म्हणे, अकोल्यात गुलफाम म्हणून एक कारागीर आहे, जळालेले कार्ड उकरून नीट करते. होईलच असं नाही. पण नेऊन पाहते. म्हटलं, पाहू नको, ने.

२ सप्टेंबर

डब्बा मांडीवर घेऊन एसटीत बसली. झालर मीच फाडली होती. तिनं कव्हराची चिंधी डब्याखाली घेतली, म्हणे पायाले टोचते.

८ सप्टेंबर

गुलफाम म्हणते, सांगता येत नाही.

बुढा एका शब्दाचा धनीही राहिला नाही. डोळे मात्र माह्यामागं फिरतात. मी म्हटलं, येते तुमचा ट्रॅक्टर, मरू नका मधातच.

१२ सप्टेंबर

चालू झालं! आचलचा फोन. परवा घेऊन येते. अफिफाही अकोटहून परत आली, म्हणे मीही येते, मले बाबाचं वळण पाहाचं आहे.

बुढ्याची दाढी करून देली. गालावर कोठं कोठं राहिली, कातडी एकीकडं ढिली पडली आहे. असू दे. ट्रॅक्टर कुठं दाढी पाहते.

१४ सप्टेंबर, रविवार

डब्बा घरचा. कव्हर नाही. आचलनं नेटची वायरही उपसून दाखवली.

बुढ्यानं तास सरळ नेला. शेवटाले खांदा टाकला, जोर केला. ट्रॅक्टर सरळच गेला, धुऱ्यावर चढला, मंग वळला.

अफिफानं टीव्ही नाही पाहिला. स्टिअरिंग पाहिलं. मलेही दाखवलं. स्टिअरिंगच उशिरा फिरते. ट्रॅक्टर त्याच्यासंगंच वळते, एका पापणीचाही फरक नाही.

तिनं बुढ्याले हसायले सांगितलं. एकच बाजू हसली.

‘दादी, दुसरा झटका आ चुका है. ये कबसे है?’

मी ‘नेट आल्यापासून’ म्हणायले तोंड उघडलं, अन् कप आठवला. तो तर काडी यायच्या आधीच हातातून सुटला होता, तोंडही तवाच वाकडं होतं.

चंदन गाडी काढून राहिला. दवाखान्यात जायचं आहे. बुढा हाताकडं पाहून राहिला, काडीच्या पहिल्या दिवशी पाहत होता तसाच. टीव्हीकडं तर मी पाहत होती.