भावाची झोप, बहिणीचं रक्त

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा धाकटा भाऊ, दातांच्या कवळ्या बनवणारा, माशीलाही वाट करून देणारा, झोपेत मारामाऱ्या करतो. मंगळवारी स्वप्नात एक बदक मी बनवलेली कवळी घालून मलाच हसत होतं. मी त्याची मान आवळली, ती बायकोची वेणी निघाली. ती आता हेल्मेट घालून झोपते, आणि सकाळी चहा देतानाही काढत नाही.

डॉक्टरांनी अंगभर तारा लावून झोपवलं. म्हणाले, स्वप्न पडताना शरीराला आपोआप कुलूप लागतं, तुमचं लागत नाही. अशा पुष्कळांना पुढे कंपवात होतो. रक्तात त्याच्याशी संबंधित एका जनुकात बिघाडही सापडलाय. बहिणीतही असू शकतो, म्हणून तुझं रक्त हवंय. देशील ना?

लोभ असावा, पण हातभर अंतरावरून.

तुझा,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. आ.

बाबांनी झोपेतून उठून चोराला बडवलं, त्याला आपण आजवर शौर्य म्हणत आलो. आता तुझे डॉक्टर त्याला जनुक म्हणणार! मी जन्मभर तिकीटखिडकीत बसले, रोज हजार माणसं ओळखली; हा डॉक्टर मला काय ओळखणार? मी ओंडक्यासारखी झोपते. रक्तबिक्त मिळायचं नाही.

बायकोला जप. वेण्या पुन्हा उगवतात, बायका नाहीत.

तुझी,
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या रात्री दाराला आतून कडी होती गं. चोर सापडलाच नाही. सापडला तो मार खाऊन खुंटीवरून पडलेला बाबांचाच कोट. पुढे त्यांच्या हातातली बशी वाजायला लागली, तेव्हा आपण म्हातारपण म्हणालो.

काल दात बसवताना माझा अंगठा हलला. थंडीनं असेल. पण भीती वाटते. आणि तू तर एकटी राहतेस.

रागावलीस तरी उत्तर धाड.

धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

दिलं रक्त. तोच बिघाड माझ्यातही आहे. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जनुक म्हणजे निकाल नव्हे, कित्येकांना जन्मभर काही होत नाही. पण झोपेत हातपाय चालत असतील तर सांगा, लक्ष ठेवता येईल. आता माझी झोप मी कशी बघू?

म्हणून शनिवारी येते. मी तुझ्या बायकोच्या खोलीत झोपेन, तू स्वयंपाकघरात. तिला म्हणावं, जे दिसेल ते खरं सांग, माझं मन राखू नकोस.

तुझी,
ताई

१२ मार्च

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

निघताना तुम्ही विचारलंत, पण तोंडावर सांगवेना. म्हणून लिहिते.

तुम्ही ओंडक्यासारख्या झोपत नाही, वन्सं. तुम्ही कपाटाला रांगेत उभं राहायला सांगितलंत, आणि ते ऐकेना म्हणून दोन गुद्दे घातलेत. स्वयंपाकघरातून ह्यांनी झोपेतच तुमची बाजू घेतली. मी आधी हसले, मग उशी तोंडावर धरून रडले.

डॉक्टरांना सगळं सांगितलंय. त्यांनी तुम्हा दोघांना एकत्रच बोलावलंय. आता तिकडचं घर आवरा आणि इकडेच राहायला या. तुमच्या पलंगाला कठडे लावून घेतलेत. कानात घालायला कापसाचे बोळे आणलेत, पण एकच कान बंद करीन. दुसरा तुम्हा बहीणभावंडांसाठी उघडा ठेवीन.

वाट पाहणारी,
तुमची भावजय