पाठमोरे गुलाबराव

७ जानेवारी, मंगळवार. अमरावती

सकाळी निनादचा फोन. पुण्याचा हा दिग्दर्शक मला काकू म्हणतो आणि मग स्वतःच्या मनाचं करतो. "काकू, शेवटच्या शॉटला काकांना त्रास देत नाही. घोड्यावर डुप्लिकेट बसेल. पाठच तर दिसते."

पाठच तर! सिनेमा संपतो तोच त्या पाठीवर. म्हातारा घोडेस्वार बंद पडलेल्या स्टेशनावरून निघतो, मागे वळत नाही, लहान लहान होत जातो. गुलाबरावांचा हा शेवटचा सिनेमा, तसं त्यांनी जाहीर केलंय. आणि निरोप घेणार कोण, तर भाड्याचा माणूस.

यांना सांगितलं. म्हणाले, "जाऊ द्या नं मेमसाहेब. गुडघा बदलवलेला माणूस मी. पाठ कोनाची बी असो." आणि पेपर उघडून बसले. अर्धा तास पान उलटलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

सकाळी दिवाणखान्यात धपकन आवाज. जाऊन पाहते तर गुलाबराव डोक्यावर ती सिनेमातली टोपी घालून सोफ्याच्या हातावर टांग टाकताहेत. मी दाराआड थांबले. चार वेळा घसरले. पाचव्यांदा बसले, पाठ ताठ केली, लगाम धरल्यासारखे हात पुढे. समोर टीव्ही.

"हे काय चाललंय?"

"काई नाई. पाहून राहिलो, पाय जाते का."

लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली. त्यांच्या सिनेमांना मी कायम टोपी-घोड्याचा पोरखेळ म्हटलं, एकाही शूटिंगला गेले नाही. कॉन्व्हेंटात शिकल्याचा माज, दुसरं काय. आज मात्र...

निनादला फोन लावला. शेवटच्या शॉटला गुलाबराव नसतील, तर उरलेले तीन सीनही तुमच्या डुप्लिकेटकडूनच करून घ्या, म्हटलं. तो म्हणाला, "शक्यतो बघू, काकू."

मी कोर्टात बत्तीस वर्षं स्टेनो होते. 'शक्यतो' म्हणजे 'नाही', हे मला कोणी शिकवायला नको.

११ जानेवारी, शनिवार. मूर्तिजापूर

स्टेशन नॅरोगेजचं. रुळांत गुडघाभर गवत. पाटीवर खोटं नाव रंगवलंय.

पुण्याहून आणलेला घोडा पांढरा, उंच, तापट. गुलाबरावांनी स्टुलावरून रिकिबीत पाय घातला की तो सरकतो. दोनदा झालं. दुसऱ्यांदा डुप्लिकेटनेच सावरलं, नाहीतर आज दवाखान्यात असतो. भला माणूस आहे, पण पाठ कशी, बांबूसारखी. गुलाबरावांचा उजवा खांदा जरा पडलेला. माझ्या कॉन्व्हेंटात असते तर सिस्टरनी पट्टी मारली असती. बरोबरीने चालायचं त्यांना कधी जमलंच नाही, त्यामुळे तो खांदा जन्मभर माझ्या पुढे चालत आलाय. आणि मला सांगतात, पाठच तर!

निनाद माझ्याकडे पाहत होता. बघा काकू, अशा नजरेनं. सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली.

१२ जानेवारी, रविवार. अकोला

रात्री अंथरुणात सुचलं. जाडे, घाबरलेले, जन्मात घोडा न पाहिलेले पुरुष घोड्यावर कोण चढवतं? लग्नातले घोडीवाले!

इथल्या घोडीवाल्या सलीमभाईंची घोडी, चांदणी. पांढरीशुभ्र. "पौष हाय मॅडम, लग्नं नाईत. बसून खाऊन राहिली." स्वभाव कसा, विचारलं. "एकशे दहा किलोचा नवरदेव चढवला हिच्यावर, हलली नाई. पन ताशाबिगर चालत नाई. अन् मधातच थांबते."

"का थांबते?"

"वराती नाचतेत नं."

ठरवून टाकलं.

१३ जानेवारी, सोमवार. मूर्तिजापूर

निनाद किंचाळला. "काकू, ही वरातीतली घोडी आहे!"

"आणि तुझा घोडा कुठला, टेक्सासचा? पुण्याहूनच आलाय ना?"

सलीमभाईंनी घुंगरं काढली, कपाळावरचा गोंडा काढला. गुलाबराव स्टुलावरून चढले. चांदणी भिंतीसारखी उभी. सलीमभाई ताशा घेऊन झुडपाआड बसले. हा आवाज नंतर काढता येतो म्हणे.

निघाले. ऊन उतरलेलं. खांदा पडलेला. थोडं पुढे चिंच आहे, तिथे चांदणी थांबली.

 निनादने हात वर केला, पण 'कट' म्हणाला नाही. गुलाबरावांनी मागे पाहिलं नाही, टाच मारली नाही. तिच्या मानेवर हात ठेवून बसून राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. मग ती आपणहून चालू लागली, आणि ते लहान होत गेले.

निनाद म्हणाला, "छान झालं काकू. पण ती थांबली ना मध्येच. शक्यतो हाच घेऊ. सेफ्टीसाठी एक डुप्लिकेटवर करून ठेवतो."

शक्यतो!

ऊन असतानाच दुसरा टेक झाला. पुण्याचा घोडा, तोच कोट, तीच टोपी. कुठेही न थांबता गेला. चांगला झाला. खोटं लिहायची मला सवय नाही.

१४ जानेवारी, मंगळवार. अमरावती

संक्रांत. गुलाबराव अंथरुणातच, अंग आंबलंय. तिळगूळ तिथेच नेऊन दिला. गरम पाण्याची पिशवी दोनदा बदलली.

"चिंचेपाशी काय मनात होतं तुमच्या?"

"काई नाई. मले वाटलं, मांगं लोकं नाचून राहिले असतीन."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. पोळ्या करायच्या होत्या.

२ फेब्रुवारी, रविवार

निनादचा फोन. "दोन्ही लावून पाहिले, काकू. कुठला ठेवला, ते थिएटरातच बघा." वर हसला.

गुलाबराव म्हणतात, मी नाई येत. म्हटलं, याल. तिकिटं मी काढणार आहे, मधली दोन.

खांद्यावरून ओळखीन, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. खरं म्हणजे एवढ्या लांबून, त्या उन्हात, त्या कोटात, माझी खात्री नाही. म्हणून माणूस पाहायचाच नाही, घोडी पाहायची. चिंच आली की यांचा हात धरायचा. घोडी थांबली तर पाठ यांचीच, हात सोडून द्यायचा.

नाही थांबली, तर त्या निनादला लपायला पुणं पुरायचं नाही.