उपाशी पाणी

लातूर, गुरुवार

प्रिय सृष्टी,

तुझ्या त्या बाटलीभर पाण्याची खरी किंमत मी काल मुदखेडला एका ओसरीवर बसून काढली. बाटली आठवडाभर आम्लात भिजवून धुतलेली, असं तू सांगितलं होतंस. हातात एकावर एक दोन मोजे. धातूचा कणही नको म्हणून बांगड्या उतरवलेल्या, गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबीसुद्धा खोलीत ठेवून लिंग नुसतं कापडात बांधलेलं. त्यावरून तुझी आई माझ्याशी अबोला धरून बसली होती, जसं काही मीच ते सुचवलं. मग विमान, जहाज, बर्फावर चालणारी गाडी आणि ती गाडी चालवणारा अमरनाथ. बाकी सगळं परत आलं. अमरनाथ तुझ्या बाटल्यांची पेटी उतरवताना घसरला, डोकं बर्फावर आपटलं, आणि तो उठला नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली मी पाण्याचे सगळे भाव पाहिले, माय. एवढं महाग पाणी पाहिलं नव्हतं.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मधे मधे हुंकार देतेस, आणि मी पडलो दुकानदार. समोरच्याच्या आवाजात जरा फरक पडला की माझ्या तोंडातला भाव बदलतो. कागद हुंकार देत नाही म्हणून कागद घेतला. आई देवघरात आहे, तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

माझा पहिला धंदा तुला ऐकून माहीत आहे, पण नीट कधी सांगितला नाही. उदगीरहून आलो तेव्हा अंगावरचा सदरा सोडून काही नव्हतं. एकदा एस.टी.नं नांदेडला निघालो होतो. गोदावरीचा पूल आला तसे सगळ्यांचे हात जोडले गेले, खिडकीतून पैसे टाकणं सुरू झालं. माझ्या मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या कुरकुरत होत्या. एक म्हणाली, "आताचा पैसा लोखंडाचा. गंगा लोखंड घेत न्हाई." झालं. त्या एका वाक्यावर मी दुकान उभं केलं. तांब्याच्या पत्र्याच्या रुपयाएवढ्या चकत्या कापायच्या, मधे भोक पाडायचं, आणि पुलाच्या अलीकडं एस.टी. थांबली की आरोळी द्यायची: गंगेचा पैसा, शुद्ध तांब्याचा, गंगेला खोटं चालत नाही. लोक घ्यायचे. त्यातून गंजगोलाईत गाळा झाला, हंडे-घागरी आल्या, तुझं शिक्षण झालं. दोन कानांवर संसार केला असं मी चारचौघांत सांगतो, आणि माझ्या पैशात तांब्याशिवाय दुसरं काही नसायचं, हेही लगेच जोडून सांगतो. तू कॉलेजात असताना मला चिडवायचीस, अप्पा, घागर विकताना म्हणता तांबं पाण्यात उतरतं, पैसा विकताना म्हणता उतरत नाही. एक काहीतरी ठरवा. गिऱ्हाईक ठरवतं, असं मी म्हणायचो आणि तू हसायचीस.

तुला बर्फावरच्या मोहिमेसाठी गोव्याला पोचवायला आम्ही आलो होतो तेव्हा त्या गर्दीत एक पोरगा फोनवर बोलताना माझ्या कानावर आला. "जेवण करून राहिलो, माय." मी मान वळवून विचारलं, मुदखेडकडचा का रे? तो दचकलाच. तुमच्याच तुकडीत गाडी चालवायला निवडला गेलेला, नाव अमरनाथ. लाजरा, पण हात लोहाराचे. मी त्याला बाजूला नेऊन गंगेच्या पैशांची एक पिशवी दिली. सांगितलं, पाणी ओलांडशील तेव्हा टाकत जा, माझ्या पोरीसाठी आणि तुझ्यासाठी. तुझ्याकडं दिली असती तर तू नियम सांगितला असतास. त्यानं पिशवी कपाळाला लावून खिशात घातली. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. तुझ्याबरोबर आपला माणूस आहे असं वाटलं.

मग तिकडून तुझे फोन यायचे. तू नमुने घेतेस त्या बर्फातल्या तळ्याचं पाणी इतकं स्वच्छ की ते उपाशी असतं, असं तू आईला समजावत होतीस. आपल्या बोअरच्या पाण्यात चुना असतो, क्षार असतात. त्याचं पोट भरलेलं असतं. तिथलं पाणी रिकामं, धातू मिळेल तसा पोटात ओढून घेणारं. आणि गाळ नाही, कुजलेला पाला नाही, त्यामुळं आत गेलेलं तांबं धरून ठेवायला कुणी नसतं. ते मोकळं फिरतं आणि तळाशी हजारो वर्षांचं शेवाळ असतं त्याला बाधतं. उपाशी पाणी हा शब्द आईला कळला, बाकी मला कळलं. पुढं तू म्हणालीस की तळ्याच्या एका काठाला तांबं भलतंच जास्त येतंय आणि तिथलं शेवाळ काळं पडून सुटतंय. तुझे सर म्हणाले, दूरच्या देशातल्या भट्ट्यांचा धूर वाऱ्यानं तिथवर येतो. फक्त तांब्यासोबत थोडं कथील का येतंय, ते कोडं त्यांना सुटत नव्हतं. आम्हाला कशाला सुटेल? गल्लीनं माझा सत्कार केला. शेजारच्या संगप्पानं हार घातला आणि मी माईक हातात घेऊन बोललो, की कुठल्या कुठल्या देशांचं तांबं जगाच्या टोकाला जाऊन पडत होतं, ते माझ्या लेकीनं पकडलं. टाळ्या पडल्या.

काल मी मुदखेडला गेलो ते अमरनाथच्या आईला भेटायला. इतके दिवस धीर होत नव्हता. सिंधुबाई एकट्याच होत्या. चहा ठेवला, फोटो दाखवला, सरकारी अनुदानाचं कुणी काही विचारत नाही तेही सांगितलं. सगळं कोरड्या आवाजात. मी उठायला लागलो तेव्हा त्यांनी मला बसवलं. म्हणाल्या, "भाऊ, पोरगं फोनवर सांगायचं, हितं गंगा न्हाई पन तळं हाय. गाडी नेताना-आनताना एकाच जागी पैसा टाकून राहिलो म्हनायचं. मंग पैसे कमी पडले का वो?"

मी चहाची कपबशी खाली ठेवली आणि परतीची एस.टी. धरली.

अमरनाथच्या गाडीचा रस्ता कोणत्या काठानं जायचा ते तूच मला नकाशावर दाखवलं होतंस. तोच तुझा, तांबं जास्त येणारा काठ. परत येताना पुलावर एस.टी. थोडी थांबली, तेवढ्यात मी माझा नेहमीचा हिशेब मांडून पाहिला. अमरनाथ आता बोलणार नाही. सिंधुबाईंना तुझा प्रबंध माहीत नाही. आणि गप्प बसून धंदा वाढवायची कला मला नव्यानं शिकायची गरज नाही. सगळे आकडे गप्प बसण्याच्या बाजूचे आले. तरी बाई जे विचारत होत्या ते कानातून जाईना. घरी येऊन जेवलो नाही.

सोमवारी तू त्या मोठ्या सभेत उभी राहून तो काठ दाखवणार आहेस, धूर आणि वारा सांगणार आहेस. त्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून लिहिलं. तुझी तीन वर्षं यात जातील कदाचित, पदवीही लांबेल. तरी तू उभी राहून खरं सांग असं मी म्हणत नाही. ते तुझं तू ठरव, मला त्यातला अधिकार राहिलेला नाही. एवढंच कर, लिहायची वेळ आली तर अमरनाथचं नाव घालू नकोस. त्या पाण्यात काही टाकू नये हा नियम त्यानं मोडला असं कागदावर आलं, तर त्या ओसरीवर त्याचं जे काही उरलंय तेही जाईल. पैसे मी दिले, टाकायला मी सांगितलं. माझं नाव घाल, पत्त्यासकट. एक पैसा या पाकिटात ठेवलाय, तुझ्या यंत्रावर लावून पाहा. कथिलाचं कोडं तुला लगेच सुटेल. तो पैसा शुद्ध तांब्याचा कधीच नव्हता. कथिलाची कल्हई केलेल्या जुन्या, मोडीत आलेल्या पातेल्यांच्या बुडांतून मी तो कापायचो.

तुझाच,
अप्पा