न मोजलेला ताण

१३ जानेवारी, सोमवार

खोटं लिहिलं. दहा मिनिटांचं काम.

दत्तारामकाकांनी पंपाचा शाफ्ट झिजू नये म्हणून त्यावर गनने कार्बाइडचा कडक थर फवारला. वितळलेले कण गार होताना आक्रसतात, थरात ताण अडकून बसतो — वरून काही दिसत नाही. तो मोजायचं काम माझं. शाफ्टसोबत फवारलेल्या तुकड्यावर गेज चिकटवायचा, बारीक ड्रिलने भोक पाडायचं. भोकाभोवतीचा थर सैल पडतो, किती ते गेज सांगतो. अर्धा दिवस जातो.

मॅनेजर नंदकुमार सर दारातच. "अक्षता, टेम्पो उभा आहे!"

रिपोर्टमध्ये मागच्या खेपेचा आकडा टाकला. १४०. सही केली. काका वीस वर्षं गन चालवतायत, त्यांचं कशाला चुकेल!

२० जानेवारी

काही झालं नाही. उगाच घाबरले.

२४ जानेवारी

झालं.

मुलुंडच्या कारखान्यात थर सुटला. फिरत्या शाफ्टवरून खपली उडाली ती तिथल्या फिटरच्या तळहातात घुसली. मार्तंड नाव त्याचं. उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत म्हणे.

सरांनी काकांना सगळ्यांसमोर झापलं. "दत्ताराम, थर तापवलास तू! रिपोर्ट तर चोख होता!" आणि घरी बसवलं. काका एक शब्द बोलले नाहीत.

मी पण नाही. हातात चहा घेऊन उभी होते. प्यायले पण तो.

२५ जानेवारी

तो तुकडा माझ्या ड्रॉवरमध्येच होता. आज मोजला.

३१०. आपली मर्यादा २००.

ताण का वाढला ते नंतर. पण त्या दिवशी मोजलं असतं तर शाफ्ट आमच्या अंधेरीच्या वर्कशॉपमधून हललाच नसता.

२८ जानेवारी

सरांना सांगितलं. त्यांनी आधी केबिनचं दार लावलं.

"त्या रिपोर्टवर माझीपण सही आहे, कळतंय ना? दत्ताराम येईल महिन्याभरात. तू विसर."

मी "हो सर" म्हणाले. हो सर! शी!

आई विचारते, जेवत का नाहीस गं? काय सांगू.

३१ जानेवारी

आमच्या मालकांना आणि मुलुंडच्या कारखान्याला, दोघांनाही लिहून पाठवलं. तारीख, दोन्ही आकडे, माझं नाव.

संध्याकाळी मालक म्हणाले, "सोमवारपासून येऊ नका." काकांना परत बोलावलंय. चला, तेवढं तरी झालं. मार्तंडच्या बोटांचं काय, ते कुणीच बोलत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

दहिसरला काकांच्या घरी गेले. माफी मागितली. रडू आवरेना.

काका म्हणाले, "त्या दिवशी तुजो ड्रिल वाजलोच नाय. माका म्हायत होता."

"मग बोलला का नाहीत, काका?"

काकांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

"घाई होती. दोन फेऱ्यांच्या मदी थर गार व्हायला मी थांबलोच नाय, म्हणान तो तापलो. तू मोजशील, मी पकडला जाईन, म्हणून कान देऊन बसलेलो. ड्रिल वाजलो नाय... तेवा माका बरा वाटला, बाय."